अंगावरची वाकळ

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावातून ४३ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून ते थोडक्यात देते.

त्यांचं मूळ गाव किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपात त्यांची आई आणि चार वर्षांचा भाऊ गेले. त्या तेव्हा ११ वर्षांच्या होत्या. आदल्या रात्री गणपती बोळवून उशिरा परतल्यावर त्या अंगणातल्या बाजेवरच आडव्या झाल्या. आईनं दोनदा आत बोलावलं. त्या गेल्या नाहीत, म्हणून वाचल्या. वडील शेतात राखणीला होते. वर्षभरात वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि यांना निपाणीला मावशीकडं धाडलं. पुढं लग्न होऊन त्या खानापूरकडं आल्या. नवरा भला माणूस, स्वतःची वीटभट्टी, मुलगा सोळा वर्षांचा आणि मुलगी अकराची. ३२ वर्षांत त्या एकदाही गावी गेलेल्या नाहीत. आजी तापानं गेली, असं मुलांना सांगितलं आहे. सासूबाई म्हणतात, जुनं उगाळू नये. यंदा विसर्जनाच्या रात्री डीजेनं खिडकीच्या काचा थरथरल्या आणि त्यांनी झोपलेल्या मुलीला ओढत अंगणात नेलं. मुलीच्या दंडावर वळ उठले. जुन्या कौलारू घराशेजारी स्लॅबचं नवं घर बांधून झालं आहे, दिवाळीनंतर वास्तुशांत आहे. त्या छताखाली झोपायला त्या तयार नाहीत आणि त्यावरून घरात धुसफुस चालू आहे. वडील आता थकलेत. दर सप्टेंबरला 'एकदा ये' असा निरोप येतो.

त्या विचारतात : सगळं चांगलं असूनही मी बरी का होत नाही? मुलीला खरं सांगू का? गावी जाऊ का? आणि आईला आत सोडून बाहेर झोपलेली मी आज सुखानं संसार करते, हे बरोबर आहे का?

प्रिय ताई,

तुमच्या चार प्रश्नांपैकी शेवटचा मी आधी घेते. बाकीचे तिन्ही त्याच खुंटीला टांगलेले आहेत असं मला वाटतं.

"आईला आत सोडून" असं तुम्ही लिहिलंत. हे शब्द मोठ्या बाईचे आहेत. त्या रात्री बाजेवर झोपलेली मुलगी असं काही करत नव्हती. ती दमली होती, पाय दुखत होते, गार वारा लागत होता आणि तिला उठायचा कंटाळा आला होता. दुनियेतल्या कुठल्याही अकरा वर्षांच्या पोरीला येतो तसा.

तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर, अगदी समासात, तुम्ही एक ओळ लिहिली आहे : "धक्क्यानं जागी झाले तेव्हा अंगावर आईची वाकळ होती. झोपताना नव्हती." आणि लगेच पुढं निपाणीच्या शाळेचं लिहायला लागलात. मी मात्र त्या ओळीपाशी बराच वेळ बसून राहिले. वडील शेतात होते. भाऊ चार वर्षांचा. मग ती वाकळ तुमच्या अंगावर घातली कुणी?

तुमच्या हिशेबात आईनं दोन हाका मारल्या, तुम्ही गेला नाहीत आणि तिथं सगळं संपलं. पण तसं झालेलं नाही. हाका मारून झाल्यावर आई उठली. बाहेर आली. तुम्ही गाढ झोपलेल्या दिसलात. तिनं तुम्हाला हलवलं नाही, हाताला धरून आत नेलं नाही. आत जाऊन वाकळ आणली, तुमच्या अंगावर घातली आणि धाकट्यापाशी जाऊन झोपली. तुम्ही बाहेर झोपायचं हे शेवटी तिनंच ठरवलं. तुम्ही तिचं ऐकलं नाही, हे ३२ वर्षं तुम्ही धरून बसला आहात, पण तिचा शेवटचा शब्द 'आत ये' हा नव्हताच. तिनं तुम्हाला झोपू दिलं होतं.

त्या रात्री आत झोपणं ही तिची चूक नव्हती. बाहेर राहणं ही तुमचीही नव्हती. १९९२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारी परिसराला बरेच लहान धक्के बसले होते. तेव्हा माणसं घाबरून बाहेर झोपली आणि काही झालं नाही म्हणून पुन्हा आत गेली. तुम्हालाही ते आठवत असेल. त्या काळच्या देशाच्या भूकंप-नकाशात तो सगळा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. शिकलेल्या, नकाशे काढणाऱ्या लोकांना जे उमगलं नव्हतं, ते एका लेकराला उमगायला हवं होतं असं तुम्ही स्वतःकडून मागता आहात. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली, मिनिटभरही नाही. माणसं गेली ती घरांखाली. काळ्या दगडाच्या रुंद भिंती, मध्ये चुन्या-सिमेंटऐवजी माती, आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधणारा आरपार दगड नाही, आणि वर दरसाल थर चढवत नेलेलं मातीचं जड माळवद. भिंती फाकल्या आणि वरचा भार खाली आला. सुमारे १०,००० माणसं गेली. तुम्ही आत गेला असतात तर तुमच्या घरातून दोनऐवजी तीन गेली असती, एवढाच फरक पडला असता.

हे वाचून तुमच्या मनातला दोष लगेच जाईल, असं मी म्हणत नाही. हिशेब पटला तरी मन त्याच्या मागून सावकाश येतं. पण यापुढं जेव्हा जेव्हा त्या दोन हाका ऐकू येतील, तेव्हा तिथंच थांबू नका. पुढचं दृश्यही बघा. ती बाहेर येते आहे, हातात वाकळ आहे.

आता "मी बरी का होत नाही" हा प्रश्न.

बरं होणं म्हणजे आठवण न येणं, असं तुम्ही गृहीत धरलं आहे. सासूबाईंचं 'जुनं उगाळू नये' त्याच समजुतीतून आलेलं. त्यांच्या मनात काळजीच आहे, त्यांना दोष देत नाही. पण तुम्ही ३२ वर्षं उगाळलेलं नाही, हे मला पत्रात स्पष्ट दिसतं. तुम्ही गाडून टाकलं आहे. आणि गाडताना एक वेगळंच नुकसान झालं आहे. तुमच्याजवळ आईची अकरा वर्षं होती. त्यातली तुम्ही एकच रात्र ठेवलीत, बाकी सगळी दडपून टाकलीत, कारण कुठलीही आठवण काढली की वाट त्याच पहाटेकडं जाते. चार पानांत आई कशानं गेली हे आहे. ती कशी होती याचा एक शब्द नाही. ती भाकरी कशी थापायची, कुणावर चिडायची, तुम्हाला काय म्हणून हाक मारायची, काहीच नाही. एके ठिकाणी तुम्ही 'माय' लिहून ते खोडलं आहे आणि वर 'आई' लिहिलं आहे. निपाणीच्या शाळेत तुमच्या 'काय करलालीस'ला पोरी हसायच्या, म्हणून तुम्ही बोलणं बदललंत, हेही त्याच पानावर आहे. तिची भाषासुद्धा तुमच्यापासून गेली, ताई. घरातली दोन माणसं भूकंपानं नेली हे खरं, पण बाकीचं जे गेलं ते न बोलण्यानं गेलं, आणि त्यातलं पुष्कळ अजून परत आणता येईल.

मला तुम्हाला हेच मुख्य सांगायचं आहे. आईला त्या पहाटेतून सोडवून आणा. तिची उरलेली अकरा वर्षं आणा.

त्याची सुरुवात गावापासून नको, निपाणीपासून करा. मावशी तिची सख्खी बहीण. आई लहान असताना कशी होती हे सांगणारं माणूस तुमच्यापासून दोन-अडीच तासांच्या एसटीवर बसलं आहे, आणि विषय काढला की मावशी रडते म्हणून तुम्ही तो कधी काढलाच नाही. रडू द्या की. तिचंही कुणी विचारलेलं नसेल. आईचा एकही फोटो उरला नाही असं तुम्ही लिहिलंत. मावशीच्या लग्नातले फोटो पाहिलेत का? बहिणीच्या लग्नात बहीण कुठंतरी कोपऱ्यात उभी असतेच. भूकंपाचं काहीही विचारू नका. आई भांडायची कशी, तिला पोहता यायचं का, जात्यावर काय म्हणायची, एवढंच विचारा. फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.

मुलीला सांगू का, असं तुम्ही विचारता. ताई, तिला अर्धं कळलेलंच आहे. आई दाराजवळ झोपते, कडी लावू देत नाही, गणपतीच्या शेवटच्या रात्री आईच्या चेहऱ्याचा रंग जातो, हे अकरा वर्षांची पोर बघत असते. आणि यंदा तर मध्यरात्री तिला फरफटत बाहेर नेलंत. कारण सांगितलं नाही तर ती स्वतःच कारण शोधेल, आणि मुलं बहुतेक वेळा स्वतःलाच कारण ठरवतात. 'मी काहीतरी केलं म्हणून आई अशी वागते.' तुमच्याइतकं हे कुणाला ठाऊक असणार?

तेव्हा आधी त्या वळांबद्दल बोला. माफी मागायला लाजू नका. "त्या रात्री मी तुला दुखवलं. तुझी काही चूक नव्हती. मी लहान असताना एक मोठा भूकंप झाला होता, खिडक्या वाजल्या की मला तेच वाटतं." पहिल्या दिवशी एवढं पुरे. आजी तापानं गेली असं सांगितलं होतं ते खरं नव्हतं, मला बोलता येत नव्हतं म्हणून तसं सांगितलं, हेही सरळ सांगून टाका. मुलांना खोट्याचा राग येतो, पण कारण कळलं की तो टिकत नाही. कितीजण गेले, कसे सापडले, हे सांगायची गरज नाही. ती विचारेल तेवढंच. रात्री झोपताना हा विषय काढू नका, दिवसा काढा, भाजी निवडताना वगैरे, जेव्हा दोघींचे हात कशात तरी गुंतलेले असतील. मोठ्या मुलालाही वगळू नका. सोळा वर्षांचा मुलगा काही विचारत नाही, याचा अर्थ त्याला काही वाटत नाही असा नसतो.

तुमच्या पत्रातून एक शंका मला आली आणि ती बोलून दाखवते. मुलगी नेमकी अकराची झाली आणि यंदाच तुमचा त्रास वाढला. हा योगायोग नसावा. आपण ज्या वयात मोडलो त्या वयाला आपलं मूल पोचलं की जुनी भीती नव्यानं उठते. तुम्हाला वेड लागत नाहीये. तुम्ही तिच्या जागी स्वतःला बघताय.

आता घर. यजमान म्हणतात, 'आपल्याकडं भूकंप होत नाही.' हे म्हणणं त्यांनी सोडून द्यावं असं मला कळकळीनं सांगायचं आहे. लहान धक्के बसूनही, मोठ्या भूकंपाबद्दल १९९३च्या सप्टेंबरपर्यंत किल्लारीतही लोक हेच म्हणत होते. तुमची भीती या वाक्यानं कमी होत नाही, उलट वाढते, कारण हे वाक्य एकदा खोटं ठरलेलं तुम्ही डोळ्यांनी बघितलं आहे. पुढं २००२च्या नकाशात लातूरचा भाग तिसऱ्या विभागात आला, आणि आपलं बेळगावही तिसऱ्याच विभागात. म्हणजे मध्यम धोका. घाबरून घर सोडावं असा नाही, पण घर नीट बांधावं असा नक्की. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा धक्का बसला तेव्हा बेळगावात आमच्या घरातली मांडणीवरची भांडी वाजली होती, असं माझी आई सांगायची. त्यानंतर कितीतरी वर्षं ती उशाशी बॅटरी आणि पायताण ठेवून झोपायची. आम्हाला ते विचित्र वाटायचं. पुढं कळलं की अंधारात काचांवरून चालायची वेळ आली तर नेमकं तेच उपयोगी पडतं. तिला भीती होतीच, पण तिनं भीतीला काम लावून दिलं होतं.

तुमच्या भीतीलाही काम द्या. यजमान विटांच्या धंद्यातले आहेत, त्यांना बांधकाम कळतं. त्यांना म्हणा, मला समजावू नका, मला दाखवा. घराचा नकाशा काढलेल्या इंजिनिअरला एक दिवस बोलवा आणि तुम्ही स्वतः विचारा : कॉलम कुठं आहेत? दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा फिरवला आहे का? सळ्या कशा बांधल्यात, जिना कशाला धरून आहे? काही उणं निघालं तर वास्तुशांतीच्या आधी दुरुस्त करा. त्यासाठी महिनाभर उशीर झाला तरी चालेल. किल्लारीनंतर जी जुनी दगडी घरं उभी राहिली होती, त्यांच्या भिंतींना भोकं पाडून आरपार काँक्रीटचे दगड घातले, माळवदाची माती कमी केली आणि ती भक्कम केली. उभं घरही सुधारता येतं. तुमचं तर नवंच आहे. आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. जुनं कौलारू घर तुम्हाला सुरक्षित वाटतं, कारण त्याला स्लॅब नाही. पण खानापूरचा पाऊस पिऊन बसलेल्या मातीच्या भिंती नीट बांधलेल्या कॉलम-पट्ट्याच्या घरापेक्षा भरवशाच्या नाहीत. २०१९च्या ऑगस्टात आपल्या जिल्ह्यात किती घरं बसली ते तुम्ही पाहिलंच आहे.

झोपायची घाई मात्र कुणी करू नये. आधी दिवसा नव्या घरात चहा घ्या. मग दुपारी दार उघडं ठेवून मुलीबरोबर आडव्या व्हा. छाती धडधडली की लगेच पळू नका, धडधड थोडी उतरेपर्यंत थांबा आणि मग बाहेर या. उतरते, हा अनुभव शरीराला यायला हवा. मग एक रात्र, खालच्या मजल्यावर, दाराजवळच्या खोलीत. पलंगाच्या वर माळा नको, कपाटं भिंतीला ठोकून घ्या, उशाशी बॅटरी आणि चपला. वरच्या मजल्यावर तुम्ही कधीच झोपला नाहीत तरी काय बिघडलं? घर तुमचंही आहे. मुलांनाही शिकवून ठेवा : पक्क्या घरात असताना हादरा बसला तर जिन्यावरून धावत सुटायचं नाही. टेबलाखाली शिरायचं, डोकं झाकायचं, टेबलाचा पाय धरून ठेवायचा आणि थांबलं की बाहेर मोकळ्यावर यायचं. पुढच्या वेळी काचा थरथरल्या तर मुलीला ओढावं लागणार नाही, काय करायचं ते तिला ठाऊक असेल.

विसर्जनाच्या रात्रीचं आधीच ठरवून ठेवा. बेळगावची मिरवणूक तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, पण तुमच्या गावातली रात्र टाळता येत नसेल तर ती एकटीनं काढू नका. यजमानांना सांगून ठेवा की त्या रात्री माझ्याजवळ जागे राहा. नवऱ्याला इतक्या वर्षांत 'मला भीती वाटते' एवढंच सांगितलंत. कशाची, हे वाकळेसकट सांगितलंत का? पत्रावरून तरी सांगितलं नसावं असं वाटतं.

हे सगळं करतानाही झोप मोडत राहिली, स्वप्नं थांबली नाहीत, तर डॉक्टरांकडं जा. खरं तर त्याची वाट बघू नका, हे चालू असतानाच जा. मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून निदान करणार नाही. पण दचकणं, तीच स्वप्नं, काही जागा आणि काही दिवस टाळत राहणं, हे मोठ्या आघातानंतर राहणारं ओळखीचं दुखणं आहे. त्यावर बोलून करायचे उपचार आहेत आणि ते ३२ वर्षांनीही लागू पडतात. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, खानापूरहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. आपल्याकडं धारवाडचं नाव काढलं की माणसं कुजबुजतात, त्यांना कुजबुजू द्या. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. आधी घरातूनच बोलायचं असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत. तिथं भाषा निवडता येते, तुम्ही मराठी निवडा. दुखणं ज्या भाषेत झालं त्या भाषेत सांगता यावं, याला मी फार महत्त्व देते. दवाखान्यात डॉक्टर कन्नड बोलणारे असले तरी आपल्याकडच्या बहुतेकांना मराठी कळतं, निःसंकोच विचारा. दुकानातून आणून झोपेच्या गोळ्या मात्र घेऊ नका.

राहिले वडील आणि गाव.

वडिलांना माफ करा, असं मी म्हणणार नाही. आई जाऊन वर्ष झालं नव्हतं, तुम्हाला कुणी काही विचारलं नाही, एक दिवस पिशवी भरून एसटीत बसवलं. याचा राग यायलाच हवा होता. त्या काळात तुमच्यासारखी कितीतरी लेकरं गाव सोडून गेली. भारतीय जैन संघटनेनं तर सुमारे १,२०० मुलांना पुण्याला नेऊन शिकवलं. त्यातल्या पुष्कळांचं भलं झालं असेल, तुमचंही मावशीकडं झालं. तरी आपल्याला पाठवून दिलं, हे आत कुठंतरी सलत राहतंच. राग ठेवूनही माणसाला भेटता येतं. तुमच्या आईला बायको म्हणून ओळखणारं माणूस आता जगात एकच आहे, आणि तो थकला आहे. मला वाटतं, जा. माफी द्यायला नाही, विचारायला. आणि ती वाकळ त्यांनी घातली नव्हती ना, तेही विचारून घ्या. ते रात्री मध्येच घरी येऊन गेले असतील, अशी शंका तुम्हाला पुढं कधीतरी येईल. आलेच असतील, तर तुमच्या वडिलांची एक वेगळी बाजू तुम्हाला दिसेल. तेही वाईट नाही.

पण ३० सप्टेंबरला जाऊ नका. निदान पहिल्यांदा तरी नको. त्या दिवशी किल्लारीत स्मारकाजवळ श्रद्धांजली असते, गर्दी असते, भाषणं असतात, आणि तुम्ही पुन्हा थेट त्याच पहाटेत जाऊन पडाल. मला सुचतं ते असं, की तुम्ही येळवशीला जा.

येळवस तुम्हाला आठवत असणार. मार्गशीर्षातली अमावास्या, लातूर-धाराशिवकडची. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची खोप, पाच पांडवांची पूजा, आंबील, भज्जी, उंडे, येईल त्याला हाताला धरून पंक्तीला बसवणं. आणि गंमत बघा, त्याच दिवशी आपल्याकडं बैलहोंगल-सौंदत्तीच्या बाजूला बैलगाड्या जुंपून माणसं शेतात जातात, चरग म्हणजे नैवेद्य शेतात शिंपडतात, एळ्ळ अमावास्या म्हणतात. तुमचं माहेर आणि तुमचं सासर त्या एका दिवशी तसं लांब राहत नाही. तुमच्या आईनं त्या दिवशी भल्या पहाटे उठून भज्जी रांधली असेल. तीही पहाटच होती, ताई. तशा पहाटा तिच्या आयुष्यात पुष्कळ होत्या.

मुलीला आणि यजमानांना घेऊन जा, सोलापूरमार्गे. मुक्काम कुणाच्या घरी करायचा हे आधी ठरवा, आणि जमणार नसेल तर लॉजवर राहा, त्यात कसलाही अपमान नाही. तयारीनं जा : तुमचं गाव आता तिथं नाही. पूर्ण पडलेली ५२ गावं नव्या जागी वसवली. सरळ रस्ते, रांगेत घरं. तुमच्या आठवणीतलं ढेळजेचं घर, गल्ली, पार, यातलं काही शोधू नका. जुन्या गावठाणात जायचं असेल तर दिवसा जा, थोडा वेळच थांबा. नाही जावंसं वाटलं तर शेतातूनच परत या. भाऊ आणि आई यांच्या नावानं तिथल्या शाळेला चार पुस्तकं द्यावीत किंवा एखादं झाड लावावं, असं काही मनात आलं तर करा. नाही आलं तर नका करू.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी चार शब्द. आपल्या भागात भूकंप क्वचित, पण पूर आणि पडलेली घरं क्वचित नाहीत. २००५, २०१९, २०२१, कृष्णाकाठच्या चिकोडीकडच्या माणसांना ही वर्षं सांगावी लागत नाहीत. अशा वेळी घरातल्या लेकरांना 'रडू नको, देवाची मर्जी' म्हणू नका. लगेच बोलतं करायचा आग्रहही नको. रोजचं जेवण-शाळा-झोप जितक्या लवकर रुळावर येईल तितकं बरं. मुलाला नातेवाइकांकडं पाठवायची वेळ आलीच तर का, किती दिवस, कोण न्यायला येणार, हे त्याला सांगून पाठवा आणि दिलेल्या दिवशी न्यायला जा. मोठ्यांनी मेलेल्यांची नावं घरात घेत राहावं, साध्या दिवशी, साध्या कारणानं. 'ही चटणी तुझ्या आजीला आवडायची', इतपत. या ताईंच्या घरी तेवढं झालं असतं तर आज हे पत्र बहुधा आलं नसतं.

आणि ताई, ती वाकळ. मावशीच्या ट्रंकेत आहे असं तुम्ही लिहिलंत, निपाणीला आल्यापासून उघडलेली नाही. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे तुकडे. तुमच्या भावाचं एखादं झबलंही त्यात असेल. मावशीकडं जाल तेव्हा मुलीला बरोबर न्या. दुपारच्या उन्हात ती ओसरीवर पसरा आणि मावशीला एकेक तुकडा विचारा, हा कुणाचा, हा कधीचा. टाके कुठं उसवले असतील तर तिथंच बसून तिघींनी घालून घ्या.